केबिनचा ताप

मार्च संपत आला की आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत अवजड वाहने चालवणाऱ्यांच्या ठरावीक तक्रारी सुरू होतात. कुणाला लघवीला जळजळ, कुणाच्या कमरेतून जांघेत उतरणारी कळ, कुणाचे डोके सकाळपासून जड, कुणाच्या पाठीवर घामोळ्यांचा नुसता थर. पाणी किती पिता, हे आम्ही विचारतोच. त्यावर उत्तर येते, की पाणी प्यायले तर गाडी थांबवावी लागते, आणि घोडबंदर ते दहिसर ट्रक उभा करायला जागा कुठे आहे, डॉक्टरसाहेब? गेली काही वर्षे मी त्यापुढे आणखी एक प्रश्न जोडला आहे. केबिनला एसी आहे का? जुन्या गाड्यांच्या बाबतीत वारंवार ऐकू येणारे उत्तर असे : "आहे की. पण चालत नाही."

आजचा लेख या 'आहे पण चालत नाही' गटासाठी आहे. नव्या गाड्यांचा प्रश्न कायद्याने बराचसा सोडवला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ गटांतल्या, म्हणजे साडेतीन टनांपेक्षा जास्त एकूण वजनाच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे केले. उत्तम झाले. पण ट्रक काही दोन वर्षांत भंगारात जात नाही. पहिला मालक विकतो, दुसरा चालवतो, तिसरा रंग देऊन पुन्हा रस्त्यावर आणतो. या नियमाच्या आधी तयार झालेल्या गाड्या अजून बरीच वर्षे धावणार आहेत. त्यांतल्या काहींना कंपनीचा एसी आहे, काहींना मालकाने मागाहून बसवून घेतला आहे. तो दुरुस्त ठेवण्याची सक्ती कुणावरच नाही.

एसी ही चैन आहे, असे मानणाऱ्या मालकांशी मी वाद घालत नाही, त्यांना फक्त शरीराचे गणित सांगतो. माणसाचे शरीर स्वतःला गार ठेवते ते मुख्यतः घामाने. एक लिटर घाम कातडीवरून पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. इथे 'वाळला' हा शब्द महत्त्वाचा. नुसता गळून बनियनमध्ये मुरलेला घाम शरीरातले पाणी आणि मीठ तेवढे नेतो, उष्णता जवळजवळ नेत नाही. मुंबईच्या दमट हवेत नेमके हेच होते. म्हणूनच हवामान खाते मैदानी प्रदेशात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून करते आणि किनारपट्टीवर ३७ अंशांपासून. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर उष्माघाताने माणसे दगावली, त्या दिवशीही पारा विदर्भाच्या मानाने फार चढलेला नव्हता.

आता सपाट तोंडाच्या जुन्या ट्रकची केबिन डोळ्यांसमोर आणा. चालक इंजिनाच्या वर किंवा अगदी खेटून बसलेला. समोर मोठी काच, वर तापलेला पत्रा, पायांखालून येणारी इंजिनाची धग. बाहेर ३४ अंश असताना आतला माणूस वेगळ्याच ऋतूत असतो. शरीरातले पाणी कमी झाले की लघवी घट्ट होते आणि मुतखड्याला आमंत्रण मिळते. त्याही आधी लक्ष विचलित होते, प्रतिक्रिया मंदावतात, चिडचिड वाढते. आणि शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या पुढे जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात. त्या अवस्थेत पंचवीस टनांचे धूड कुणाच्या हाती असावे, याचा विचार मालकाने करावा.

एसीची ओळख मला एका मिस्त्रीने करून दिली. बोरिवली पश्चिमेला गोराईत, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास अवजड गाड्यांचे एसी दुरुस्त करणारे एक लहानसे गॅरेज आहे. ऐन मे महिन्यात हे गृहस्थ उजव्या हाताची तीन बोटे पांढरीफटक आणि बधिर झाल्याची तक्रार घेऊन आले. निदान होते हिमदंश. सियाचीनच्या जवानांना होतो तो, गोराईत, मे महिन्यात! पाइपचा सांधा सोडवताना आत दाबाखाली असलेला गॅस द्रवरूपात बोटांवर उडाला होता. आज बहुतेक गाड्यांत असणारा आर-१३४ए हा गॅस उघड्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो, त्यामुळे कातडीवर पडताच तिथली उष्णता ओढून घेतो. मिस्त्रींची बोटे वाचली. नंतर एका रविवारी त्यांनी मला गॅरेजवर बोलावून सगळी यंत्रणा उलगडून दाखवली.

तत्त्व घामाचेच. द्रव वाळताना उष्णता घेतो. फरक इतकाच, की इथला 'घाम' वाया जात नाही, पुन्हा पुन्हा वापरला जातो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो आणि तो तापतो. पुढच्या जाळीपाशी बसवलेल्या कंडेन्सरमध्ये बाहेरचा वारा लागून त्याचा द्रव होतो. ड्रायर त्यातली ओल आणि कचरा टिपून घेतो. मग एक्स्पान्शन वाल्व्हच्या बारीक भोकातून तो केबिनमधल्या कूलिंग कॉइलमध्ये शिरतो. तिथे दाब कमी असल्याने उकळतो आणि केबिनमधली उष्णता शोषून घेतो. हवेतली वाफही या गार कॉइलवर पाणी होऊन नळीने बाहेर गळते. मुंबईत एसीचे अर्धे सुख या पाणी गळण्यात आहे. हवा कोरडी झाली की चालकाचा स्वतःचा घाम पुन्हा कामाला लागतो.

गार होत नाही म्हटल्यावर बहुतेक ठिकाणी एकच इलाज होतो, तो म्हणजे गॅस भरणे. पंधरा दिवस गारवा येतो, मग पुन्हा जैसे थे. आमच्याकडे रक्त कमी झालेला रुग्ण आला आणि रक्तस्राव कुठून होतो ते न शोधता आम्ही नुसत्या बाटल्या चढवत राहिलो, तर लोक आम्हाला काय म्हणतील? गॅस इंधनासारखा जळून संपत नाही. तो कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळाला. जुन्या ट्रकमध्ये गळतीच्या जागा ठरलेल्या असतात. सतत हादरे खाऊन ढिले झालेले सांधे, कडक झालेल्या रबरी ओ-रिंग, रबरी नळ्यांचे पट्टीने आवळलेले शेवट, कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील. गोराईच्या मिस्त्रींच्या यादीत आणखी एक नाव होते, खाडी. खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या आणि मासळीच्या बर्फाचे खारट पाणी गळत धावणाऱ्या गाड्यांचे अॅल्युमिनियमचे कंडेन्सर इथे लवकर खातात, असा त्यांचा अनुभव. यावर उपाय साधा आहे. कंडेन्सर गोड्या पाण्याने, कमी दाबाने, बाहेरून वरचेवर धुवावा.

गळती शोधायला आधी डोळे लागतात. गॅसबरोबर थोडे तेलही फिरत असते, म्हणून ज्या सांध्यावर तेलकट धुळीचा डाग, तिथे संशय. मग साबणाचे पाणी. तरीही सापडले नाही तर तेलात चमकणारा रंग घालून काही दिवस गाडी चालवायची आणि निळ्या प्रकाशात पाहायचे, किंवा यंत्रणा नायट्रोजनने भरून दाब उतरतो का हे तपासायचे.

इथे मी डॉक्टर म्हणून एक धोक्याची घंटा वाजवतो. नायट्रोजनची टाकी हाताशी नसली की काही ठिकाणी वेल्डिंगचा ऑक्सिजन वापरण्याचा मोह होतो. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीसचे बोट लागू देऊ नये, हा नियम आम्ही रुग्णालयात पाळतो तो याच कारणाने. कॉम्प्रेसर तर आतून तेलानेच माखलेला असतो.

गळती बंद झाल्यावर पुढची पायरी व्हॅक्यूमची, आणि घाईत नेमकी हीच गाळली जाते. यंत्रणा उघडली की आत दमट हवा शिरते. ती ओल आत राहिली तर वाल्व्हच्या भोकाशी बर्फ धरतो आणि तेलाशी मिळून आम्ल तयार होते. ते कॉम्प्रेसर आणि कॉइल आतून कुरतडते. निदान अर्धा तास पंप लावावा आणि पंप बंद केल्यावर काटा स्थिर राहतो का ते पाहावे. मुंबईच्या पावसाळ्यात तर अधिक वेळ. यंत्रणा बराच काळ उघडी राहिली असेल तर ड्रायर बदलावाच, कारण तो हवेतली ओल पिऊन आधीच तृप्त झालेला असतो. गॅसही अंदाजाने नको, गाडीच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच भरावा. जास्त गॅसनेही गारवा कमी होतो, हे पुष्कळांना खरे वाटत नाही.

आणि कित्येकदा दोष गॅसचा नसतोच. कंडेन्सरच्या पात्यांत चिखल आणि किडे बसलेले असतात. पंखा मंद झालेला असतो, पट्टा सैल असतो. हीटरचा कॉक पूर्ण बंद होत नसेल तर इंजिनाचे गरम पाणी केबिनमध्येच फिरत राहते, म्हणजे एका हाताने गार आणि दुसऱ्या हाताने गरम. गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर फाटलेले, जमिनीच्या पत्र्याला भोक, दाराचे रबर गळून पडलेले. अशा केबिनला कितीही ताकदीचा एसी लावा, तो हरणार. आधी भोके बुजवा, मग गॅसचे बघा, असे त्या मिस्त्रींचे सांगणे होते आणि मला ते एखाद्या चांगल्या फिजिशियनसारखे वाटले.

गॅस कोणता, हा प्रश्न निव्वळ यांत्रिक नाही. १९२० च्या दशकात घरगुती शीतकपाटांत मिथाइल क्लोराइड, अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू वापरत आणि गळतीने माणसे मरत. म्हणून अमेरिकेत थॉमस मिजली यांनी सीएफसी गटातला आर-१२ पुढे आणला. १९३० मध्ये त्यांनी जाहीर प्रयोगात तो गॅस छातीत ओढून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटतही नाही, हे दोन्ही एका श्वासात सिद्ध! पुढे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी हा सज्जन वायू वर जाऊन ओझोनचा थर नष्ट करतो हे दाखवले, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, आणि आर-१२ ची जागा आर-१३४ए ने घेतली. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक भारी आहे. म्हणून जुना गॅस हवेत सोडून देणे योग्य नाही. तो यंत्राने ओढून टाकीत भरता येतो. जुन्या आर-१२ च्या यंत्रणेत नवा गॅस नुसता ओतूनही चालत नाही, कारण जुने खनिज तेल त्याच्यात मिसळत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. तेल आणि ड्रायर बदलावे लागतात, ओ-रिंगही बदललेल्या बऱ्या.

बाजारात स्वस्त डबे मिळतात, त्यांच्यात लेबलावर लिहिलेलाच गॅस असेल याची खात्री नसते. २०११ मध्ये व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये शीतकंटेनरच्या यंत्रणांचे स्फोट होऊन दुरुस्ती करणारे कामगार मेले. आपल्या न्हावा-शेवा बंदरातून रोज ये-जा करतात तसलेच ते कंटेनर. आर-१३४ए च्या नावाखाली भरलेल्या बनावट गॅसमध्ये तोच जुना मिथाइल क्लोराइड निघाला. अॅल्युमिनियमशी त्याचा संयोग होऊन जो पदार्थ बनतो तो हवा लागताच पेट घेतो. ट्रकच्या कॉम्प्रेसरचे आणि कॉइलचेही बरेच भाग अॅल्युमिनियमचेच असतात. कुणी स्वयंपाकाचा गॅस भरून 'मस्त गार होतं' म्हणत असेल, तर गार होते हे खरे आहे. पण केबिनमधल्या कॉइलला गळती लागली आणि आत कुणी विडी पेटवली, तर तो माणूस आमच्या जळीत विभागात येईल.

मिस्त्री मंडळींसाठी आणखी थोडे. यंत्रणेत गॅस शिल्लक असताना पाइपवर वेल्डिंगची ज्योत लावू नये. आर-१३४ए जळाला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, जुना आर-१२ जळाला की फॉस्जीनही निघतो. फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. त्याची खोड अशी, की सुरुवातीला थोडा ठसका लागतो, माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरते. ज्योतीजवळ झणझणीत वास येऊन ठसका लागला असेल तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात यावे आणि काय जळाले ते सांगावे. हे गॅस हवेपेक्षा जड असतात, गाडीखालच्या खड्ड्यात साचतात आणि तिथली हवा बाजूला सारतात, म्हणून खड्ड्यात एकट्याने उतरून गॅस सोडू नये. हातमोजे आणि चष्मा हवाच. गॅस बोटांवर उडाला तर चोळू नका, शेकोटीवर धरू नका, कोमट पाण्यात बुडवा. डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटे पाणी सोडत राहा आणि तसेच उठून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

एसी दुरुस्त झाला की चालक साहजिकच त्यात झोपू लागतो. इथे एक नवी काळजी सुरू होते. इंजिन चालू, काचा बंद, आणि जुन्या गाडीचा सायलेन्सर गंजलेला किंवा जमिनीचा पत्रा भोके पडलेला, अशा वेळी धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा तो कमी सोडते, पण बंद केबिनमध्ये रात्रभर थोडाही पुष्कळ होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृत सापडले होते. तिथे जनरेटरचा धूर आत शिरला होता. याची लक्षणे अपचनासारखी भासतात : डोके दुखणे, मळमळ, गळून जाणे. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटरही अशा वेळी फसतो आणि आकडा ठीक दाखवतो. मी चालकांना एक खूण सांगतो. सकाळी चालक आणि क्लीनर दोघांचेही डोके एकदम दुखत असेल आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर उतरत असेल, तर गोळी घेण्याआधी गाडीखाली वाकून सायलेन्सर पाहा. शक्यतो इंजिन बंद करून, काचा उघड्या ठेवून, जाळी लावून झोपावे.

गाडी चालवतानाही हवेचा झडपा सतत 'आतली हवा आत' असा ठेवू नये. दोन माणसांच्या श्वासाने बंद केबिनमध्ये कार्बन डायऑक्साइड हळूहळू वाढतो आणि गुंगी येऊ लागते. दुपारी जेवण झालेले, आत गारवा, समोर सरळ रस्ता. तासाभरात काही मिनिटे तरी बाहेरची हवा घ्यावी. पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली असेल तर ओल केबिनमध्येच मुरते, बुरशी धरते, आणि एसी लावला की शिंका सुरू होतात. अशा रुग्णाला मी गोळीबरोबर नळी साफ करायला सांगतो.

एसीने डिझेल जास्त जाते, हा मालकांचा आक्षेप खरा आहे. कॉम्प्रेसर इंजिनावरच फिरतो, तो फुकट कसा फिरेल? पण दुरुस्तीचा खर्च चालकाच्या पगारातून किंवा भत्त्यातून कापला जातो असे जेव्हा ऐकतो, तेव्हा मला ते पटत नाही. ब्रेकचे लायनर कुणी चालकाच्या पैशातून बसवून घेत नाही. केबिनचे तापमान हा ब्रेकइतकाच सुरक्षेचा भाग आहे, आणि पावसाळ्यात तर अक्षरशः, कारण समोरच्या काचेवरची वाफ झटकन हटवते ती एसीची कोरडी हवाच. पावसाळ्यात आणि थंडीतही आठवड्याला दहा मिनिटे एसी चालवावा. तेल फिरते, कॉम्प्रेसरचे सील वाळत नाही, आणि मार्चमध्ये पुन्हा गॅस भरण्याची पाळी टळण्याची शक्यता वाढते.

दुरुस्ती झाली की बिल देण्याआधी दोन गोष्टी मागून घ्याव्यात. गळती कुठे होती ते दाखवा म्हणावे, आणि बदललेला भाग हातात घ्यावा. मग हवा येते त्या जाळीत थर्मामीटर अडकवून दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवावी. बाहेरच्यापेक्षा ती हवा निदान पंधरा अंशांनी गार असायला हवी. ही चाचणी भर दुपारी, उन्हात उभ्या केलेल्या गाडीवर घ्यावी. संध्याकाळी सातला खाडीवरून वारा सुटला, की गोराईत कुठलाही एसी गार वाटतो.